आई-बाबांचा मेडिक्लेम ६४ हजार झाला, चालू ठेवू की सोडू?

कोलशेतकर:
नमस्कार मंडळी, डोकं चालत नाहीये म्हणून इथे विचारतोय. ठाण्यात कोलशेतला राहतो, घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा. बाबा ७१, आई ६६, दोघांनाही शुगर, बाबांना बीपी पण. बाबा ठाणे-बेलापूर रोडच्या एका कंपनीत होते, रिटायर झाल्यावर कंपनीचं मेडिकल बंद झालं, मग २०१८ मध्ये मी दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर, म्हणजे एकच सामायिक पॉलिसी काढली आणि तेव्हापासून एकही वर्ष खंड पडू दिलेला नाही. आमची चौघांची १० लाखांची वेगळी आहे.

परवा रिन्युअलची नोटीस आली. आई-बाबांचे मागच्या वर्षी ५९,००० भरले होते, यंदा ६४,०००. आमचे धरून एकूण ९३,५००. सप्टेंबरात जीएसटी काढला तेव्हा घरात सगळे म्हणत होतो की चला, यंदा हप्ता कमी येईल, आणि आला तो वाढून. घराचा ईएमआय, दोन शाळांच्या फिया, आणि त्यात हे. बाबा जेवताना म्हणाले "आमचं बंद कर रे, मुलांचं बघ" आणि खरं सांगतो त्या रात्री झोप लागली नाही मला. मित्र म्हणतो तेच ६४ हजार दर वर्षी एफडीत टाक. रिन्युअलला ५२ दिवस आहेत. काय करू?

ऐरोली_सेक्टर८:
दादा आधी एक हिशोब करा, कारण वाढ ५ हजारांची नाहीये. मागच्या वर्षीच्या ५९,००० मध्ये १८ टक्के जीएसटी होता ना, म्हणजे मूळ हप्ता ५०,००० आणि टॅक्स ९,०००. यंदा २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसीवर जीएसटी शून्य आहे, म्हणजे हे ६४,००० सगळेच्या सगळे कंपनीचे. ५० चे ६४ झाले, २८ टक्के वाढ! टॅक्स माफ झाला तो तुमच्या खिशात आलाच नाही. कंपन्या म्हणतात की आम्हाला इनपुट टॅक्स क्रेडिट (स्वतःच्या खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घेणं) मिळत नाही म्हणून आमचा खर्च वाढला, ते खरं आहे, पण त्याने २८ टक्के होत नाहीत.

आणि विमा कंपन्यांचं नियमन करणाऱ्या आयआरडीएआयने ३० जानेवारी २०२५ ला सांगितलंय की ६० च्या वरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी त्यांच्याशी बोलायला हवं. तर कंपनीला आजच ईमेल टाका आणि लेखी विचारा, मूळ हप्त्यात एवढी वाढ कशामुळे, वयाचा टप्पा बदलला म्हणून किती आणि दर वाढवला म्हणून किती, आकडे वेगवेगळे द्या. फोनवर बोलू नका, फोनवर नुसतं गोड बोलतात. उत्तर पटलं नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, आणि महिन्याभरात तोडगा निघाला नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

पोर्टिंग, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेणं, बघायचं तर बहुतेक कंपन्या रिन्युअलच्या ४५ दिवस आधी अर्ज मागतात, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम आठवडा आहे. पोर्ट करताना वेटिंग पिरियडचं (जुन्या आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायच्या काळाचं) क्रेडिट सोबत येतं, पण नवीन कंपनी शुगर-बीपी बघून नाही पण म्हणू शकते, त्यामुळे तिकडून लेखी हो येईपर्यंत जुनी सोडायची नाही.

वाशीतली_ताई:
एफडीचं ऐकू नका हो प्लीज. वर्षाला ६४ हजार टाकले तर व्याज धरूनही ५ लाख व्हायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर बाबा ७७-७८. मधल्या काळात एकदा अँजिओप्लास्टी करायची वेळ आली तर? आणि एकदा सोडलेली पॉलिसी या वयात परत मिळवायची म्हणजे नव्याने मेडिकल, जुन्या आजारांना पुन्हा ३ वर्षांपर्यंत वेटिंग. तुमची तर ७ वर्षं झालीत, ५ वर्षं सलग झाली की "आजार लपवलात" म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. हे तुम्ही पैसे भरून कमावलेलं आहे.

पण एक आत्ताच बघा, पॉलिसीत रूम रेंटची लिमिट आहे का. सासूबाईंच्या वेळी आम्ही इथेच होरपळलो. ५ लाखांची पॉलिसी, रूमला दिवसाला १ टक्का म्हणजे ५,०००. ऑपरेशनच्या दिवशी त्या रेंजची रूम रिकामी नव्हती, ८,००० ची घेतली, वाटलं वरचे ३ हजार रोजचे आपण भरू, चार दिवसांचे १२ हजार. तसं नसतं, बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. सर्जन, ओटी, डॉक्टर व्हिजिट मिळून २,४०,००० झाले होते, त्यातले कंपनीने ५ भागिले ८ या हिशोबाने १,५०,००० च दिले. ९० हजार काउंटरवर भरले आम्ही, माझी गळ्यातली चेन मोडून. औषधांना ती कात्री नव्हती एवढंच. कुणी सांगितलंच नव्हतं आधी, म्हणून मी भेटेल त्याला सांगते.

नेरूळ_पूर्व:
मी वेगळं सांगतो, मी वडलांची पॉलिसी ७६ व्या वर्षी सोडली. भरणं शक्यच नव्हतं, आणि ज्याच्याकडे नाहीचे त्याला "सोडू नका" म्हणून काय उपयोग. पण सोडण्याआधी त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. ७० पूर्ण झालेल्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाख, ऑक्टोबर २०२४ पासून आहे. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. तुमच्या बाबांचं होईल, आधार लागतं फक्त. आई ६६ म्हणजे त्यांचं नाही, पण महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डावर पण ५ लाखांपर्यंत आहे. मात्र कार्ड हातात आहे म्हणजे कुठेही उपचार होतील असं समजू नका. जवळच्या तीन-चार हॉस्पिटलात स्वतः जाऊन विचारा, योजनेच्या यादीत आहात का आणि हृदयाचं, किडनीचं करता का. मी दोन शनिवार घालवले त्यासाठी, यादीत नाव असलेल्या एका ठिकाणी तर "बेड नाही" हेच उत्तर. इमर्जन्सीत रात्री दोनला ही विचारपूस होत नाही.

कोलशेतकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. तो जीएसटीचा हिशोब बायकोला दाखवला, ती दोन मिनिटं गप्पच झाली. ईमेल टाकलाय. पॉलिसीचे कागद काढले तर रूमला १ टक्काच आहे, ७ वर्षांत मी ते पान उघडलं नव्हतं. बाबांचं कार्ड रविवारी काढतो. एक विचारायचं होतं, आमच्या चौघांची १० ची ५ करून वर सुपर टॉपअप (५ लाखांच्या वरचा खर्च देणारी जादा पॉलिसी) घेतला तर? ऑफिसकडून ३ लाखांचं कव्हर आहे आम्हाला.

ऐरोली_सेक्टर८:
घ्या, तिथेच पैसे वाचतील. पण "सुपर" बघूनच घ्या. साध्या टॉपअपमध्ये ५ लाखांची मर्यादा प्रत्येक क्लेमला वेगळी ओलांडावी लागते, सुपरमध्ये वर्षभराचे सगळे क्लेम मिळून. ३-३ लाखांची दोन ऑपरेशनं झाली तर साधा टॉपअप एक रुपया देणार नाही. आधी टॉपअप हातात येऊ द्या, मग खालची कमी करा. ऑफिसचं कव्हर यात धरू नका, नोकरीसोबत जातं ते, तुमच्या बाबांचं गेलं तसंच.

आणि हो, कंपनीशी भांडण चालू असलं तरी ड्यू डेटच्या आत हप्ता भरा. ड्यू डेटनंतर हप्ता भरायला ३० दिवसांचा ग्रेस पिरियड असतो, पण वार्षिक हप्ता असेल तर त्या मधल्या दिवसांत ॲडमिट व्हावं लागलं तर क्लेम मिळत नाही.