अनुभव धागा: कामावरची जुनी खोडं आणि नवी पोरं

कोल्हापुरात नोकरी करणाऱ्यांनी लिहा. वयातल्या अंतरामुळं कामावर कुठं अडलं, कसं निघालं? सल्ले नकोत, घडलेलं सांगा. मीच चालू करतो.

शिरोलीकर (वय ४१)
शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत (वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून पार्ट, म्हणजे कास्टिंग, बनवतात तिथं) सुपरवायझर आहे, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा. मागच्या उन्हाळ्यात कास्टिंगमध्ये वाळू यायला लागली, रिजेक्शन वाढलं. मोल्डिंगचे मिस्त्री वाळू मुठीत आवळून मोडायचे आणि म्हणायचे, "वाळू मेलीय." लॅबमधला डिप्लोमावाला पोरगा रिपोर्ट दाखवायचा: ओलावा ३.५ टक्के, सगळं बरोबर. आठवडाभर दोघांचं बोलणं बंद, निरोप माझ्यामार्फत. शेवटी कळलं, पोरगा नमुना मिक्सरखालून घ्यायचा. साच्यांतनं वापरून परत आलेली वाळू गरम, मोल्डिंगच्या लाइनवर पोचेपर्यंत ओल उडून जायची. रिपोर्टही खरा, मूठही खरी. आता नमुना लाइनवरच घेतात. दोघं आधी मुठीनं आकडा सांगतात, मग मीटर. चुकेल त्याचा चहा. पोराचं बिल अजून जास्त आहे.

उद्यमनगरवाली (वय २४)
मी अकाउंट्सला. काका दिवसभर हातानं एंट्री मारतात, ते मी बँकेचं स्टेटमेंट टॅलीत इम्पोर्ट करून तासात संपवते. बक्षीस काय? काकांचं कामही माझ्याच गळ्यात! वर सहाला उठलं की "हाफ डे काय?" पण कुठल्या पार्टीचा चेक दोनदा परत आलाय, कुणाला उधारी द्यायची नाही, हे टॅलीत नाही, काकांच्या डोक्यात आहे. दिवाळीआधी ते आजारी पडले तेव्हा माझे हाल झाले. मालकांच्या हे अजून ध्यानात आलेलं नाही.

राजारामपुरी (वय ५२)
पतसंस्थेत आहे. नवी मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, "उद्या येत नाही." विचारणं नाही, नुसतं सांगणं! लई राग यायचा. परवा मीही तसंच टाकलं. बरं वाटलं.

रिटायर मामा (वय ५८)
कंपनीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं तेव्हा स्क्रीनवरचं इंग्रजी मला वाचता येईना. दोन महिने चष्मा फुटलाय म्हणून सांगितलं. एका सकाळी बघतो तर बटणांखाली मराठीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. शेजारच्या मशीनवरच्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "माझ्याच ध्यानात राहत नाही मामा." आयटीआयला पहिला आलेला पोरगा! मी काही बोललो नाही. परवा कंपनीत चक्कर मारली. हिरव्या बटणाखाली अजून "हितं दाब" आहे.