सांधेदुखीच्या पुडीने चार दिवसांत गुण कसा येतो?

माणदेशी :
सासूबाईंची गुडघेदुखी जुनी आहे. कोणीतरी सुचवल्यावरून त्यांनी परगावच्या एका वैद्यबुवांकडून तपकिरी चूर्णाच्या पुड्या आणल्या. कागदात बांधलेल्या त्या पुड्यांवर घटकांची नावे नाहीत, परवाना क्रमांकही नाही. तरीही चार दिवसांतच त्या विनासायास जिना चढू लागल्या आणि भूकही वाढली. दोन महिने झाले, आता चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसतो आणि कधी नव्हे ती रक्तातली साखर वाढली आहे. गुण तर आला, मग औषधाला खोटे कसे म्हणावे? पुड्या बंद करायला लावू का?

फार्मासिस्ट_सातारा :
परस्पर बंद करू नका, आजच डॉक्टरांकडे न्या. अशा चूर्णांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड (सूज आणि वेदना झपाट्याने दाबणारे औषध) मिसळलेले आढळल्याची उदाहरणे अनेक आहेत आणि तुम्ही सांगितलेली लक्षणे त्याकडेच बोट दाखवतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणे कमी करतात. अशा वेळी पुडी एकदम थांबवली, तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. उरलेली पुडी सोबत न्या.

जुनाजाणता :
गुण खराच असतो, फसवणूक तो कशामुळे आला हे लपवण्यात असते. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी तीव्र संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले, तेव्हाही काही दिवसांतच तो रुग्ण हिंडूफिरू लागला होता. 1950 चे नोबेल त्याच कामाला मिळाले. पुढे दुष्परिणाम कळले आणि डॉक्टर हात राखून देऊ लागले. वैद्यबुवांना तो संयम परवडत नाही, कारण गुण दिसला नाही तर गिऱ्हाईक फिरकत नाही!

माणदेशी :
उद्या सकाळीच नेते. तक्रार कुठे करायची? जादूई उपचारांविरुद्ध कायदा आहे असे ऐकले आहे.

फार्मासिस्ट_सातारा :
1954 चा तो कायदा जाहिरातींपुरता आहे. संधिवात, मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर त्याने बंदी आहे, पण तोंडोतोंडी खपणारी पुडी त्यातून निसटते. विनापरवाना विक्री आणि भेसळ यांना 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो, तेव्हा जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. सगळ्या पुड्या डॉक्टरांकडे देऊ नका. एकदोन तक्रारीचा पुरावा म्हणून न उघडता जपून ठेवा.