मदत हवी आहे: नसबंदी झालेला शेल्टरचा कुत्रा कोन घालू देत नाही

जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

शेल्टरमधला एक कुत्रा तात्पुरता सांभाळायला घेतला आहे. कायमचं घर मिळेपर्यंत तो माझ्याकडे असेल. नाव भुऱ्या, वय दोनच्या आसपास. परवा त्याची नसबंदी झाली आणि तिथून तो थेट माझ्याकडे आला. म्हणजे ना घर ओळखीचं, ना माणूस, त्यात भुलीची गुंगी आणि दुखणारं अंग. पहिल्या रात्री बराच वेळ कण्हत होता, उभा राहिला की मागचे पाय लटपटत होते. काल सकाळपासून नीट शुद्धीवर आहे. पाणी पितो, थोडं खातो. दुखण्यावरची गोळी पोटात काही गेल्यावरच देते आहे.

खरी अडचण कोनची आहे, म्हणजे टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात अडकवतात त्या शंकूसारख्या कॉलरची. गळ्यात कोन अडकवला की हा थिजतो. चौकटीला कोन घासला की त्या आवाजाने पोट जमिनीला लावून बसतो, मग कितीही चुचकारलं तरी हलत नाही, लघवीलाही उठत नाही. कोन काढला की लगेच मान वळवून टाके चाटायला लागतो. काल रात्री मी त्याच्याशेजारी जमिनीवर पडून होते, एक हात त्याच्या छातीवर. असं रोज कसं जमणार, आणि डोळा लागला तर?

आणखी काही प्रश्न. टाके वृषणाच्या पिशवीच्या जरा पुढे आहेत, कडा जुळलेल्या आणि फिकट गुलाबी दिसतात. पण पिशवी मात्र अजून फुगलेली आहे. आतलं काढलंय ना, मग ती भरलेली कशी? ऑपरेशननंतर शी झालेली नाही. अधूनमधून कोरडा खोकतो. आणि हा जरा बरा वाटून उड्या मारायला लागला तर शांत कसा ठेवायचा? शेल्टरच्या पिंजऱ्यातून सुटून माझ्या घरी परत पिंजऱ्यात, हे मला बघवणार नाही.

प्रतिसाद १

आधी सोप्या प्रश्नांची उत्तरं, म्हणजे तुमचा जीव थोडा थाऱ्यावर येईल.

वृषण काढतात, पिशवी तशीच ठेवतात. आत थोडी सूज येते, त्यामुळे पहिले काही दिवस काहीच काढलं नसावं असं वाटतं. नंतर ती हळूहळू आक्रसते. ऑपरेशनआधीपेक्षा मोठी, ताणलेली, जांभळी किंवा गरम लागली तर मात्र आत रक्त साठत असू शकतं. तेव्हा थांबू नका, लगेच फोन करा.

शीचं म्हणाल तर ऑपरेशनआधी पोट रिकामं ठेवलेलं असतं आणि भुलीच्या, दुखण्याच्या औषधांनी आतडी मंदावतात. दोन-तीन दिवस शी न होणं नेहमीचं आहे. तो कुंथतोय आणि काहीच येत नाही, किंवा उलट्या होतायत, असं असेल तर वेगळं. खोकला बहुतेक श्वासनलिकेत नळी घातल्यामुळे असावा, एक-दोन दिवसांत जायला हवा. गेला नाही, किंवा नाक वाहायला लागलं, तर शेल्टरला सांगा, कारण तिथे एकापासून दुसऱ्याला खोकला सहज लागतो.

आता कोन. माझं मत स्पष्ट आहे: तुमची नजर नसेल तेव्हा कोन हवाच, रात्री तर नक्कीच. भीती बहुतेकदा काही दिवसांत ओसरते. चाटून ओली झालेली जखम चिघळली किंवा दातांनी टाका तुटला तर त्याला पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. त्यामुळे कोन काढण्यापेक्षा घर कोनाजोगतं करा. एकच खोली द्या, मधलं सामान हलवा, अरुंद दरवाजा बंद ठेवा. पाण्याचं भांडं थोडं उंचावर ठेवा, म्हणजे कडा जमिनीला अडकणार नाही.

प्रतिसाद २

मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. कोन कशाचा आहे? कडक प्लास्टिकचा असेल तर त्याला भीती आवाजाचीच वाटत असणार. प्रत्येक धक्का कानाशी दणकतो. कापडी, मऊ कोन मिळाला तर बघा, पण त्याची कड नाकाच्या टोकाच्या थोडी पुढे यायला हवी. आखूड कोन घालून काही उपयोग नाही.

एक हिरड्यांचं आत्ताच शिकून घ्या. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. ती पांढरी पडते आणि बोट काढल्यावर साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. तो बरा असताना हे बघून ठेवा, म्हणजे फरक पडला तर कळेल. हिरड्या फिकट, जखमेतून थेंब थेंब रक्त थांबतच नाही, पू किंवा घाण वास, टाक्यांच्या कडा उघडलेल्या, सुस्ती उतरण्याऐवजी वाढतेय, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी फोन करायचा. ताप मोजता येत असेल तर कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०३ च्या वर गेलं तर कळवा.

माणसांची दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका. आयब्युप्रोफेनने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात, पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिनही मनाने द्यायचं नाही. जखमेवर मलम, स्पिरिट, काहीच लावू नका. आंघोळ १४ दिवस नाही.

धागाकर्ती

खूप आभार. कोन प्लास्टिकचाच आहे. गळ्याभोवती घालायची, हवा भरायची गोल गादी मिळते ती चालेल का? आणि ते अंगात घालायचं कापडी जॅकेट?

प्रतिसाद २

गोल गादीने मान पुरेशी अडत नाही. लांब तोंडाचा कुत्रा मागच्या टोकापर्यंत आरामात पोचतो. जॅकेट मादीला बरं पडतं. नराचं लघवी करताना ओलं होतं आणि तो ओलावा थेट टाक्यांपाशी राहतो. वापरलंच तर प्रत्येक वेळी मागून सोडून घ्या.

प्रतिसाद ३

मी बरीच वर्षं शेल्टरचे कुत्रे सांभाळते आहे. तुमच्या पिंजऱ्याच्या प्रश्नावर थोडं. घाबरलेल्या कुत्र्याला मोकळं अख्खं घर मिळालं की तो कोपरा शोधतो. उलट तीन बाजूंनी झाकलेली, दार उघडं असलेली लहान जागा त्याला आवडते. जबरदस्तीने कोंडू नका. आत पांघरूण आणि चाटायला काहीतरी ठेवा, तो आपणहून जाईल.

अवघड दिवस अजून यायचेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी होतं आणि कुत्र्याला वाटतं आपण ठणठणीत झालो. वरची कातडी जुळलेली दिसते, आतले थर अजून कच्चे असतात. १० ते १४ दिवस पळणं, उड्या, जिना, सोफा, दुसऱ्या कुत्र्याशी दंगा, सगळं बंद. बाहेर फक्त शी-शूपुरतं, तेही पट्टा हातात ठेवून. नवीन घरातला घाबरट कुत्रा दार उघडं दिसलं की सुसाट सुटतो, म्हणून हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्हींना पट्टा लावा आणि गळ्यात फोन नंबर अडकवा.

अंगाऐवजी डोकं दमवा. रोजचं खाणं वाटीत न देता टॉवेलच्या घड्यांत लपवा, हुंगून शोधू दे. पंधरा मिनिटं नाक चालवलं की छान झोपतात. तरीही आवरला नाही तर डॉक्टर शांत राहण्याची औषधं देतात, ती मागायला संकोच करू नका.

आणि नसबंदी झाली तरी काही आठवडे शुक्राणू उरलेले असतात. माजावर आलेल्या मादीजवळ महिनाभर तरी नेऊ नका.

कुत्रा कागदोपत्री शेल्टरचा आहे. उपचाराला त्यांची संमती लागते, खर्च कोण करणार तेही ठरलेलं असतं. रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा तो नंबर आजच मागून घ्या. टाके विरघळणारे आहेत की काढायचे आहेत, तेही विचारा.

धागाकर्ती

शेल्टरशी बोलले. टाके विरघळणारे आहेत, तपासणीची तारीख दिली आहे, रात्रीचा नंबरही मिळाला. त्यांच्याकडे एक कापडी कोन पडून होता, तो आणला. खोलीतली खुर्ची आणि टेबल बाहेर काढलं. घातल्यावर भुऱ्या थिजला खरा, पण कोनाच्या आतल्या कडेला खाऊ चोपडला तर चाटायला लागला, आणि चाटता चाटता चार पावलं चालला. मग अंगणात जाऊन लघवी केली. हिरड्या बघून ठेवल्या आहेत, गुलाबी आहेत. पिशवी कालच्यापेक्षा मोठी नाही. शी अजून नाही.

एक विचारायचं राहिलं. खाताना कोन काढून शेजारी बसले तर चालेल ना? कोन घालून तो वाटीशी तोंड नेत नाही.

प्रतिसाद १

चालेल. तोंड पुसून लगेच परत घाला, आणि तेवढ्या वेळात फोन हातात घेऊ नका.