आमचा कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला चावलाय, सोसायटीवाले मागे लागलेत. मदत हवी आहे (अर्जंट)

ब्रूनोवाला: सकाळी लिफ्टचं दार उघडलं, समोर बी विंगच्या काकूंचा पग, आमच्याने डायरेक्ट मान धरली. कसंबसं सोडवलं. आता काकू म्हणतायत खर्च द्या नाहीतर पोलिसात जाते आणि चेअरमन म्हणतो कुत्रा सोसायटीतून हलवा. असं करता येतं का त्यांना? संध्याकाळी मीटिंग आहे, लवकर सांगा.

कट्टेकरी: ब्रीड? वय? रेबीजची लस कधी दिलीय? पग कसा आहे? काहीच न सांगता मीटिंगचं विचारताय.

ब्रूनोवाला: लॅब, ४ वर्षं. लशी सगळ्या वेळेवर. पगला फार काही नाही हो, दोन बारीक भोकं आहेत फक्त, रक्त पण थांबलंय.

झिपरी: बारीक भोकांवर जाऊ नका!! सुळा आत घुसला की वरून टाचणीएवढं दिसतं आणि खाली कातडी सुटून पोकळी झालेली असते. आमच्या पॉमला असंच झालेलं, दोन-तीन दिवसांत मानेखाली ही एवढी गाठ, आत पू, शेवटी भूल देऊन साफ करून नळी घातली. आजच डॉक्टरकडे न्यायला लावा, केस कापून बघायला सांगा. पगना तसाही श्वासाचा प्रॉब्लेम, मान सुजली तर अवघड होईल. बिल तुम्हीच द्या.

गावाकडचा: हळद-तूप लावा, दोन दिवसांत खडखडीत. आणि बिल पूर्ण का द्यायचं? पगला पट्टा होता का?

झिपरी: हळदीने भोक बुजवून पू आत कोंडायचा का?

गावाकडचा: आमच्याकडे आयुष्यभर हेच करतात, एक कुत्रा मेला नाही. आणि लॅब असा चावत नाही, मिक्स असणार तुमचा.

नियमबाप्पा: हलवा म्हणता येत नाही. पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत, बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पोलिसांचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ (जुन्या आयपीसीचं २८९) माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असेल तरच लागतं. पण ते जाऊ दे, सोडवलं कोणी?

ब्रूनोवाला: मीच. अंगठ्याला जरासं लागलंय, थोडं रक्त आलं, दोघांपैकी कोण चावला कळलं नाही. पण तो मुद्दा नाहीये.

कट्टेकरी: अरे तोच मुद्दा आहे बाबा! आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धू, पट्टी बांधू नकोस, मग सरकारी दवाखाना गाठ, लस फुकट मिळते. रक्त आलंय म्हणजे कॅटेगरी ३ (रेबीजच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची जखम), जखमेत सीरम (रेबीजविरोधी तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) पण देतात. आणि दोन्ही कुत्र्यांवर १० दिवस लक्ष ठेवा.

पपीप्रेमी: लॅबचं पिल्लू औंधच्या आसपास कुठे मिळेल? शक्यतो फॉन.

गावाकडचा: हे वाचून पण लॅबच हवा? धन्य.

ब्रूनोवाला: निघतोय. काकूंना पण दात लागलाय म्हणे, त्याच रिक्षात येतायत. पगचं लशीचं कार्ड मात्र सापडत नाहीये त्यांना.

झिपरी: सापडेपर्यंत लस नाही असंच धरा आणि डॉक्टरांना तसंच सांगा, तुमचा हात बघणाऱ्यांना पण आणि पगच्या डॉक्टरांना पण. ब्रूनोलाही बूस्टर लागेल, विचारून घ्या.