मदत हवी आहे: मयत भाडेकरूच्या मुलाकडून भाडे स्वीकारावे का?

पुण्यात सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यातल्या दोन खोल्या १९७४ पासून एका भाडेकरूंकडे होत्या. लेखी करार नाही, भाडेपावत्या आहेत. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्यासोबत कोणी राहत नव्हते. त्यांचा मुलगा कोथरूडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, खोल्यांना नऊ महिने कुलूप आहे, तरी तो दरमहा २१० रुपये मनीऑर्डरने पाठवतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७(१५) नुसार सोबत राहणारा कुटुंबीय नसल्यास वारसालाही भाडेकरू मानता येते, आणि मुलगा त्यावरच बोट ठेवतो. उलट कलम १६(१)(ढ) सहा महिने विनाकारण वापर नसल्यास ताबा मागू देते. समजुतीची बोलणी फिसकटली असून आतापर्यंतच्या मनीऑर्डरी आम्ही परत केल्या आहेत. कुलूप तोडणे किंवा पाणी बंद करणे असे बेकायदा मार्ग सुचवू नयेत.

लघुवाद न्यायालयात दावा लावण्यापूर्वी, हक्क राखून ठेवल्याचे लेखी कळवून भाडे स्वीकारले, तर वारसाला भाडेकरू म्हणून मान्यता दिली असा त्याचा अर्थ लावला जातो का, आणि न वापराच्या पुराव्यासाठी वीजबिलांखेरीज काय ग्राह्य धरले जाते?