हॉटलाइन आहे, पण करारांत फटी आहेत

'हॉटलाइन असताना भारत-पाकिस्तान सीमेवर गैरसमज होतातच कसे?' असं अनेकदा विचारलं जातं. हॉटलाइन म्हणजे दोन्ही बाजूंमधला थेट फोन. पण नुसता फोन असून भागत नाही, तो वेळेत करावा लागतो. ९ मार्च २०२२ ला चुकून सुटलेलं आपलं क्रूझ क्षेपणास्त्र (विमानासारखं कमी उंचीवरून जाणारं) पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. आपला जाहीर खुलासा आला ११ तारखेला. क्षेपणास्त्रावर स्फोटकं नव्हती म्हणून निभावलं! दोन्ही देशांमधला २००५ चा पूर्वसूचना करार फक्त बॅलिस्टिक (उंच कमानीतून जाणाऱ्या) क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांपुरता आहे, किमान तीन दिवस आधी कळवायचं. क्रूझ त्यात येतच नाहीत. ही फट आधी बुजवा. १९९१ च्या करारात एकमेकांच्या हवाई हद्दीपासून लढाऊ विमानांनी १० किलोमीटर, निःशस्त्र मालवाहू विमानांनी १,००० मीटर लांब राहायचं ठरलंय. ड्रोनचा त्यात उल्लेखच नाही.