विमानातली हवा: दम्याच्या पेशंटने काय काळजी घ्यावी?

कोथरूडकर: आई ७२ वर्षांची, दमा आहे. पुढच्या महिन्यात पुणे-दिल्ली विमान आहे. आत सगळ्यांचाच श्वास फिरत राहतो म्हणे. डोक्यावरचा हवेचा झोत बंद ठेवावा का?

पाना_पक्कड: उलट, चालू ठेवा. मोठ्या जेट विमानात साधारण निम्मी हवा बाहेरची असते, उरलेली हेपा फिल्टरमधून परत येते. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. हवा तासाला २०-३० वेळा बदलते. छताकडून येते आणि बऱ्यापैकी त्याच रांगेत खालच्या जाळीतून निघून जाते. झोत मध्यम ठेवून चेहऱ्याच्या किंचित पुढून मांडीकडे वळवा.

सदाशिवपेठी: फिल्टर उत्तमच, पण शेजारचा खोकला तिथे पोचण्याआधी तुमच्यापर्यंत पोचतो, त्याचं काय? आणि खरी गोची जमिनीवर. लोहगाव विमानतळावर सुरक्षा तपासणीची रांग, खच्चून भरलेली बस, शिवाय विमान उभं असताना वायुवीजन कधीकधी कमी असतं. एन९५ मास्क टर्मिनलमध्ये शिरतानाच लावा. नाकाशी फट राहिली तर तो नुसता शोभेचा. सीट खिडकीची घ्या.

डॉ_औंध: आर्द्रता बहुतेकदा २० टक्क्यांखाली असते. नाक-घसा कोरडा पडतो आणि लोकांना वाटतं, लागण झाली! नाकात घालायचे सलाइनचे थेंब जवळ ठेवा. केबिनचा दाब ६-८ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे ऑक्सिजन कमी मिळतो. आईंना चालताना धाप लागत असेल तर आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा. इनहेलर हातातल्या पिशवीत, चेक-इन बॅगेत अजिबात नको.

कोथरूडकर: आणि पाणी पिताना मास्क?

सदाशिवपेठी: घोटापुरता खाली. शेजारचे जेवून झाल्यावर प्यायलेलं बरं.